आधी वारस, मग विसार : वडिलांच्या नावावरचा फ्लॅट विकताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील २०२१ मध्ये गेले. कोथरूडला १९९४ साली घेतलेला टू बीएचके अजून त्यांच्याच नावावर आहे. मृत्युपत्र नाही. सोसायटीत आईचं नॉमिनेशन आहे. प्रश्न विचारणाऱ्या ताई पुण्यात राहतात, धाकटा भाऊ न्यू जर्सीत. ९५ लाखांचं गिऱ्हाईक आलंय. पण ८० चा करार करू, १५ रोख घ्या, असं त्याचं म्हणणं आहे. सोसायटी एनओसीसाठी एक लाख डोनेशन मागतेय. "आई नॉमिनी आहे, तर तिच्या एकटीच्या सहीने काम होईल ना? टॅक्स किती बसेल? आणि रोख घ्यावी का?"

ताई, विसार अजून घेतला नसेल तर घेऊ नका. घेतला असेल तर पुढचा एक रुपयाही हे उत्तर वाचून होईपर्यंत घेऊ नका. मी २६ वर्षं पुण्यात मिळकतीचे दस्त करतोय. मोडलेले व्यवहार मी पुष्कळ पाहिले, आणि त्यातले बहुतेक किमतीवरून मोडले नाहीत. घर आज नेमकं कोणाचं आहे हे कागदावर यायच्या आतच विसार घेतला गेला, म्हणून मोडले.

पहिली गोष्ट नॉमिनीची. आई नॉमिनी आहेत म्हणून त्या मालक झाल्या, असं नाही. सोसायटीच्या दृष्टीने सभासद गेल्यावर कोणाशी बोलायचं, याची ती सोय आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं. त्यातल्या १५४ब-१३ या कलमात स्पष्टच म्हटलंय की वारसांची नावं लागेपर्यंत नॉमिनीला तात्पुरतं सभासद करून घ्यायचं. तात्पुरतं, हा शब्द महत्त्वाचा. मालकी ठरते ती वारसा कायद्याने. तुम्ही हिंदू वारसा कायद्याखाली येता असं धरून सांगतो: वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत, मृत्युपत्र नाही, म्हणजे पहिल्या वर्गातले वारस सारख्या हिश्श्याने. तुमच्या आई, तुम्ही आणि भाऊ. तुमचं लग्न झालंय, भाऊ परदेशी नागरिक झालाय, याने हिस्सा कमी होत नाही. म्हणून आईंची एकटीची सही पुरणार नाही. सहीवर व्यवहार झालाच, तरी त्यांना फक्त स्वतःचा हिस्सा देता येईल.

आता एक गोष्ट जी तुम्ही लिहिली नाही आणि मला सगळ्यात आधी हवी आहे: वडील गेले तेव्हा त्यांच्या आई, म्हणजे तुमच्या आजी, हयात होत्या का?

हे मी उगाच विचारत नाही. मुलगा गेल्यावर त्याची आईसुद्धा पहिल्या वर्गातली वारस असते, बायको-मुलांच्या बरोबरीची. घरात हे कोणाच्या लक्षातच येत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे सिंहगड रोडचं एक कुटुंब आलं होतं. बाई आणि दोन मुलं. कागद लखलखीत, गिऱ्हाइकाच्या बँकेचं कर्जही मंजूर. बँकेच्या वकिलाने मृत्यूच्या तारखा मागितल्या आणि कळलं, की सासूबाई मुलानंतर आठ महिन्यांनी गेल्या होत्या. म्हणजे मुलगा गेला त्या क्षणी एक चतुर्थांश फ्लॅट त्यांचा झाला होता, आणि त्या गेल्यावर तो त्यांच्या सगळ्या मुलामुलींकडे गेला. सोलापूरचे दीर, साताऱ्याची नणंद, वारलेल्या एका नणंदेची इंदूरला असलेली मुलं. सगळ्यांच्या सह्या गोळा करायला सात महिने गेले, तोवर गिऱ्हाईक दुसरं घर घेऊन मोकळं. साताऱ्याच्या बाई माझ्या टेबलासमोर बसून वहिनींना म्हणाल्या, "मला पहिल्याच दिवशी विचारलं असतंत तर मी त्याच दिवशी सही दिली असती." राग पैशाचा नव्हता, परस्पर केलंत याचा होता.

तेव्हा आजींची तारीख बघा. त्या वडिलांच्या आधी गेल्या असतील तर तुम्ही तिघंच. नंतर गेल्या असतील किंवा आजही असतील, तर काका-आत्यांशी आधी बोला, गिऱ्हाइकाशी मग.

त्याचबरोबर १९९४ चा करारनामा बाहेर काढा आणि 'लिहून घेणार', म्हणजे खरेदीदार, म्हणून किती नावं आहेत ते पाहा. त्या काळी पुष्कळांनी बायकोचं दुसरं नाव घातलेलं असे. आईंचं नाव असेल तर निम्मा फ्लॅट बहुधा त्यांचाच धरला जाईल आणि वारसाने वाटायचा तो फक्त उरलेला अर्धा. सगळी आकडेमोड बदलते. करार नोंदवलेला आहे का, तेही पाहा. मागे नोंदणीची पावती, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी उतारा) आणि मुद्रांकाचा शिक्का हवा. नव्वदच्या दशकातले कितीतरी करार नुसत्या स्टँपपेपरवर राहिले आहेत. तसं निघालं तर आधी मुद्रांक शुल्काची तूट आणि दंड भरून तो कागद सरळ करावा लागतो. मूळ करार हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत. वडिलांनी तेव्हा कर्ज काढलं होतं का, हेही आईंना विचारा. फेडल्याचं पत्र हवं आणि कागद बँकेत अडकलेले नाहीत ना, याची खात्री हवी.

वारस सिद्ध कसे करायचे? गिऱ्हाइकाची बँक बहुतेक वेळा 'सक्सेशन सर्टिफिकेट आणा' म्हणते. ते खरं तर येणी आणि रोख्यांसाठी असतं, घरासाठी नाही. घरासाठी दिवाणी न्यायालयातून वारस दाखला मिळतो. १८२७ चं मुंबई रेग्युलेशन आठ आजही त्यासाठी वापरात आहे. त्याला महिने लागतात. पण वाद नसेल, वारस मोजके असतील, तर सगळ्या वारसांनी 'लिहून देणार', म्हणजे विकणारे, म्हणून एकत्र सह्या करणं, सोबत मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि जाहीर नोटीस, एवढ्यावर पुष्कळ बँका चालवून घेतात. गिऱ्हाइकाची बँक कोणती आणि तिच्या वकिलाला काय लागतं, हे विसाराआधी लेखी विचारून घ्या. दाखला लागणारच असेल तर अर्ज आजच टाकलेला बरा.

आता भावाचं. तो येऊ शकत असेल तर त्याला येऊ द्या, सगळं सोपं होतं. नसेल तर कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी), आणि ते तुमच्या किंवा आईंच्या नावे. कोणा मित्राच्या नावे नको. कारण व्यवहारी आहे: विक्रीचा अधिकार देणारं मुखत्यारपत्र जवळच्या नात्यात असेल तर मुद्रांक नाममात्र लागतो, परक्याच्या नावे असेल तर खरेदीखताएवढा. भावाने तिथल्या नोटरीसमोर सही करून त्यावर तिथल्या राज्य सरकारचं, कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारं, अ‍ॅपोस्टिल घ्यायचं, किंवा भारतीय वकिलातीत जाऊन साक्षांकन करायचं. मूळ कागद कुरिअरने इथे आला की तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरलं पाहिजे. कुरिअरचं पाकीट टाकून देऊ नका. कागद कधी पोचला याचा तोच पुरावा. मजकूर मोघम नको. फ्लॅटचा नंबर, सोसायटीचं नाव, करारावर सही करणं, निबंधकासमोर कबुली देणं, सोसायटीचे अर्ज, ताबा, सगळं एकेक लिहा. आणि त्याच्या हिश्श्याचे पैसे त्याच्याच एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयाचं इथलं रुपयांचं खातं) जातील, हेही लिहा. देणारा हयात असेपर्यंतच मुखत्यारपत्र चालतं, एवढंही लक्षात असू द्या.

इथे तुमच्या मनात येईल, आणि नातेवाईक सुचवतीलही, की भावाने आणि तुम्ही आईंच्या नावे हक्कसोडपत्र करून टाकावं, मग आई एकट्या विकतील. कागदाला हे सोपं आहे. आईंच्या नावे बिनमोबदला हक्कसोडपत्राचा मुद्रांकही किरकोळ. पण हिशेब करून बघितल्याशिवाय करू नका, कारण कर प्रत्येकाच्या हिश्श्यावर वेगळा बसतो आणि सवलतीही प्रत्येकाला वेगळ्या मिळतात.

हिशेब मांडूया. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे थोडे इकडेतिकडे होतील. वारसाने आलेल्या घराची खरेदी किंमत तीच, जी वडिलांनी मोजली. आणि किती वर्षं जवळ होतं, तेही वडिलांच्या तारखेपासून मोजायचं. म्हणून हा दीर्घ मुदतीचा भांडवली नफा. घर १ एप्रिल २००१ च्या आधीचं असल्याने १९९४ ची किंमत सोडून २००१ ची बाजारभावाची किंमत धरता येते. मात्र ती त्या दिवशीच्या सरकारी मूल्यांकनापेक्षा जास्त धरता येत नाही. यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाराचा अहवाल घ्या. काही हजारांचं काम आहे, पण करात त्याच्या अनेकपट वाचतं. समजा ही किंमत साडेसात लाख निघाली.

२३ जुलै २०२४ पासून नियम बदलला. आता दर साडेबारा टक्के, पण महागाईचा निर्देशांक नाही, म्हणजे जुनी खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरता येत नाही. त्या तारखेआधी घेतलेल्या घराला, विकणारा भारतात राहणारा असेल तर, जुना हिशेब करून पाहायची मुभा आहे: निर्देशांकासह वीस टक्के, दोहोंत जो कमी तो. तुमच्या बाबतीत: साडेबाराच्या रस्त्याने ९५ वजा साडेसात, म्हणजे साडेसत्याऐंशी लाख नफा, कर १० लाख ९४ हजारांच्या आसपास. वीसच्या रस्त्याने, २०२५-२६ चा निर्देशांक ३७६ धरून, साडेसातचे झाले २८ लाख २० हजार. नफा ६६ लाख ८० हजार, कर १३ लाख ३६ हजार. (वारसाच्या घराला निर्देशांकही वडिलांच्या काळापासून मिळतो, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलंय.) म्हणजे तुम्हाला नवा दर फायद्याचा. सगळ्यांना तसं नाही. कोणी २०१३-१४ मध्ये ६० लाखांना घेतलेला फ्लॅट ८५ ला विकत असेल, तर निर्देशांक २२० वरून ३७६ वर गेल्याने त्याची खरेदी एक कोटी दोन लाखांच्या वर जाते. जुन्या रस्त्याने कर शून्य, नव्याने तीन लाखांवर. म्हणून कोणाचं ऐकून दर ठरवू नका, दोन्ही करून बघा.

आता तीन हिस्से करा. प्रत्येकाचा नफा २९ लाखांच्या आसपास, कर अधिक करावर चार टक्के सेस मिळून पावणेचार लाखांच्या वर. हा कर शून्यावर आणायचे दोन सरळ मार्ग आहेत. एक, कलम ५४: विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत भारतात राहतं घर घ्यायचं, बांधायचं असेल तर तीन वर्षांत. दुसरा, ५४ईसी : आरईसी, पीएफसी, आयआरएफसी या सरकारी कंपन्यांचे बाँड सहा महिन्यांत घ्यायचे, पाच वर्षं मोडता येत नाहीत, आणि एका माणसाला ५० लाखांची मर्यादा. मुद्दा इथे आहे. तिघांच्या नावे व्यवहार झाला तर प्रत्येकाचे २९ लाख आपापल्या मर्यादेत आरामात बसतात. सगळं आईंच्या एकट्या नावे आणलं तर साडेसत्याऐंशीतले ५० च बाँडमध्ये जातील. उरलेल्या साडेसदतीस लाखांवर कर बसेल, नाहीतर घर घ्यावं लागेल. दोन सह्या वाचवण्यासाठी साडेचार-पावणेपाच लाख मोजण्यासारखं आहे ते. उलट आई याच पैशांतून लहान पण त्यांच्या एकट्यांच्या मालकीचं घर घेणार असतील, तर हक्कसोडपत्राचा मार्ग उत्तम. म्हणून आधी आई पुढे कुठे राहणार ते ठरवा, मग कर.

आई तुमच्यासोबत राहणार असतील तरीही त्यांचा हिस्सा त्यांच्या खात्यात, त्यांच्या नावे राहू द्या, हे मी कळकळीने सांगतो. "आईला काय लागतंय आता" म्हणून घराचे पैसे मुलांनी वाटून घेतलेले मी पाहिलेत, आणि पुढे औषधाला पैसे मागताना त्या बाईंचा आवाज कसा होतो, तेही ऐकलंय.

करातल्या बारीक गोष्टी भराभर सांगतो. घरावर २००१ नंतर केलेला मोठा खर्च, एजंटचं कमिशन, वकिलाची फी हिशेबात धरता येते, बिलं हवीत. तुमच्या चालू गृहकर्जात हे पैसे भरले तर कलम ५४ ची सवलत मिळते, हा गैरसमज फार आहे. रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत घर झालं नाही तर पैसे बँकेतल्या कॅपिटल गेन खात्यात (याच सवलतीसाठीचं खास खातं) टाकावे लागतात. साध्या एफडीत ठेवून चालत नाही. आईंना दुसरं उत्पन्न नसेल तर करमुक्त मर्यादा त्यांना या नफ्यातून वजा करता येते. भाऊ अनिवासी असल्याने त्याला येत नाही. तुम्हाला मात्र विक्रीनंतरच्या हप्त्यात अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरावा लागेल. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदललेत. मी सगळ्यांच्या तोंडी असलेले जुने वापरले आहेत. सीएशी बोलताना गोंधळू नका.

टीडीएसबाबत, म्हणजे पैसे देतानाच कापायच्या कराबाबत, गिऱ्हाइकाला आधी सांगा, कारण त्याला हे बहुधा माहीत नसतं. एकूण किंमत ५० लाख किंवा वर असेल तर तुमच्या आणि आईंच्या हिश्श्यावर तो एक टक्का कापेल. प्रत्येकीचा हिस्सा ५० च्या खाली असला तरी. भावाच्या हिश्श्याला हा एक टक्का लागू नाही. तिथे साडेबारा टक्के अधिक सेस, आणि खरेदीदार तो नफ्यावर न कापता पूर्ण रकमेवर कापतात. म्हणजे त्याच्या ३१ लाख ६७ हजारांतून चार लाखांवर कापले जातील. भाऊ बाँड घेणार असेल तर त्याने कमी कपातीच्या दाखल्यासाठी आयकर खात्याकडे आधीच अर्ज करावा, दाखला यायला काही आठवडे जातात. गिऱ्हाइकाने चुकून त्याचाही एकच टक्का कापला, तर नोटीस गिऱ्हाइकाला येते आणि फोन तुम्हाला. एनआरओ खात्यातून अमेरिकेला पैसे न्यायला वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा आहे, तुमचा व्यवहार तिच्या बराच आत आहे. सीएचं प्रमाणपत्र लागेल. अमेरिकेत या नफ्याचं काय दाखवायचं, ते त्याने तिथल्या सल्लागाराला विचारावं.

आता त्या १५ लाखांच्या रोखीबद्दल. नको. कारण नुसतं तत्त्वाचं नाही, आकड्यांचं आहे. १५ लाख दडवून तुमच्या तिघांचा मिळून वाचेल तो कर दोन लाखांच्या आत, आणि तोही बाँड घेऊन कायद्याने शून्य होतोच. गिऱ्हाइकाचा वाचेल तो पुण्यातला सात टक्के मुद्रांक, म्हणजे एक लाख पाच हजार. त्याच्याकडची रोख खपते हा त्याचा खरा फायदा. तुमच्या पदरात काय? मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं बंद आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेएवढाच, म्हणजे पूर्ण १५ लाख. भावाचा हिस्सा रोखीत आला तर तो न्यू जर्सीला जाणार कसा? घर घ्यायचं तर ती रोख चालणार नाही. आणि व्यवहार मोडला तर ती दिल्या-घेतल्याचा कागद कोणाकडेच नाही. शिवाय रेडी रेकनरची (सरकारी दराने येणारी) किंमत कराराच्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वर असली तर सरकार रेकनरचीच किंमत धरून कर लावतं, म्हणजे लपवूनही कर भरायचा. गिऱ्हाईक अडून बसलं तर ९५ ऐवजी ९२ पूर्ण चेकने घ्या. तीन लाख गेल्यासारखे वाटतील, पण आई रात्री शांत झोपतील.

सोसायटीचं एक लाख डोनेशन देऊ नका. पुणे महापालिका हद्दीत हस्तांतराचा प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार, आणि ५०० रुपये हस्तांतर फी. वडिलांचे सोसायटीतले शेअर वारसांच्या नावे करताना तर प्रीमियम घ्यायचाच नसतो, तो फक्त तुमच्याकडून गिऱ्हाइकाकडे जाताना. आदर्श उपविधींप्रमाणे विक्रीला एनओसी लागतच नाही, नोटीस द्यावी लागते. पण गिऱ्हाइकाची बँक ती मागते, म्हणून समितीशी भांडण न करता लेखी अर्ज द्या, त्यावर पोच घ्या. बहुतेक समित्या लेखी अर्ज पाहिला की २५ हजारांवर येतात. नाही आल्या तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे जाता येतं. पार्किंग 'सोबत देतो' असं तोंडी बोलला असाल तर जपून. इमारतीखालचं आणि मोकळ्या जागेतलं पार्किंग वेगळं विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ठरवलंय. सोसायटीच्या वाटपाप्रमाणेच ते मिळतं. आणि इमारत तीस वर्षांची आहे, तेव्हा पुनर्विकासाचं कुठवर आलंय हे मागच्या दोन-तीन सभांच्या इतिवृत्तांत वाचा. कोथरूडमध्ये आज हा प्रश्न किमतीच्या आधी येतो. बिल्डर ठरायच्या बेतात असेल तर थांबणं कदाचित तुमच्या हिताचं.

व्यवहाराचा क्रम असा ठेवा. विसार लेखी, चेकने, आणि पहिल्या पैशापासून तिघांच्या तीन खात्यांत. सगळं एका खात्यात घेऊन मग वाटलं तर पुढे आयकरासमोर खुलासे देत बसावं लागतं. विसार पावतीत हे लिहा: किती दिवसांत करार, कर्ज नामंजूर झालं तर विसार परत की नाही, भावाच्या कागदांना किती वेळ. मग पूर्ण मुद्रांक भरून नोंदणीकृत करारनामा. मुद्रांक आणि नोंदणी फी (एक टक्का, कमाल ३० हजार) गिऱ्हाइकाची. शेवटी बँकेची उरलेली रक्कम खात्यात दिसल्यावर ताबा. मेसेजवर किंवा चेकच्या फोटोवर विसंबू नका, खात्यात दिसायला हवी. "फर्निचर करायला चावी द्या, पैसे पंधरा दिवसांत येतायत," असं गिऱ्हाईक म्हणेल. कितीही चांगला माणूस असो, चावी द्यायची नाही. एकदा आत सुतार शिरला की ताबा गेला समजा, आणि तो परत मिळवायला कोर्टात वर्षं जातात.

नोंदणीच्या दिवसाबद्दल एक गोष्ट. मागच्याच महिन्यात अशाच एक ऐंशीच्या घरातल्या बाई निबंधक कार्यालयात आल्या होत्या. अंगठ्याच्या यंत्रावर त्यांचा ठसा उमटेना. आयुष्यभर भांडी घासून बोटांवरच्या रेषाच झिजल्या होत्या. तिथल्या मुलाने ओल्या कापडाने अंगठा पुसून दिला, "आजी, जरा दाबून," म्हणाला. चौथ्या वेळी उमटला. तोवर दोन तास बाकावर बसून त्यांचे पाय सुजले होते. म्हणून आईंना एकाच दिवशी न्या, आदल्या दिवशी डेटा एन्ट्री आणि चलन पूर्ण करून, सकाळचा टोकन घेऊन. चालवत नसेल तर निबंधकाला घरी बोलावायची सोय कायद्यात आहे, अर्ज करावा लागतो. वय फार असेल तर त्या दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र दस्ताला जोडा.

या आठवड्यात तीन कामं करा: १९९४ चा करार शोधून त्याचं पहिलं आणि शेवटचं पान मला पाठवा, भावाचा पॅन चालू आहे का आणि एनआरओ खातं आहे का ते विचारा, आणि आजी कोणत्या तारखेला गेल्या ते कळवा. तारीख वडिलांच्या नंतरची असेल तर गिऱ्हाइकाला आजच सांगा की तीन-चार महिने लागतील. थांबायचं असेल तर ते थांबेल.